बसल्याशिवाय हसायचं नाही

१२ मार्च

घडी बसली! जागल्याची घडी बसली!

शीतखोलीतून पिशवी काढली, उजेडासमोर धरली, आत नुसतं पाणी. स्वच्छ, काहीही न दिसणारं पाणी. मागच्या दोन्ही खेपांना याच पिशवीत दूध फाटल्यासारखं झालं होतं. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि 'हं' म्हणाल्या. बाकी काही नाही. पण मॅडमच्या 'हं'वर आमची कंपनी चालते. गरगरने — सेंट्रीफ्यूजचं गरगर फिरणारं यंत्र सांभाळतो म्हणून सगळे त्याला गरगर म्हणतात — माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि पिशवी बघून हळूच खाली घेतला.

जागल्या हे आमचं लाडकं प्रथिन. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आणि आकडा आहे, पण ते उच्चारायला कोणाला वेळ आहे? माणसाच्या मेंदूत हे प्रथिन माणसाला जागं ठेवतं, म्हणून जागल्या. आहे माणसाचं, पण माणसातून काढत नाही. त्याचं जनुक जंतूंच्या पोटात घालायचं, जंतूंना उबेत खाऊपिऊ घालायचं, आणि ते बिचारे स्वतःचं समजून आमचं काम करतात. पण माणसाच्या प्रथिनाची घडी त्यांना कुठून जमणार? चुरगळून बोळा करून ठेवतात. तो बोळा आम्ही उकलतो आणि थंडीत ठेवतो. तिथे तो हळूहळू आपली आपण घडी घालून घेतो. घाई केली की गेलं. हलवून फेस आणला की गेलं. मग ते इवल्या इवल्या बाटल्यांतून दूरदूरच्या प्रयोगशाळांना जातं, काचेच्या बशीतल्या पेशींसाठी.

संध्याकाळी दोन मजले उतरून आईला सांगायला गेले. ती भाजी चिरता चिरता झोपली होती. सुरी हातात, मान छातीवर. जगाला जागेपण पुरवणारी लेक दारात उभी, आणि हिच्या डोक्यात जागल्याच नाही. कधीचाच नोकरी सोडून गेला आहे. मी सुरी काढून घेतली आणि समोर बसून राहिले. उठल्यावर म्हणाली, स्वप्नात मी मासा होते आणि तिच्याकडे टॉवेल मागत होते.


१४ मार्च

आमच्या घरात नियम एकच — बसल्याशिवाय हसायचं नाही.

आई उभी असताना हसली की तिचे गुडघे जातात. आधी हनुवटी लोंबते, मग मान, मग गुडघे, आणि दोरीवरून साडी घसरावी तशी ती खाली येते. बेशुद्ध होत नाही. परक्यांना वाटतं झालं, गेली बाई. पाणी मारतात, कांदा हुंगवतात. आई नंतर सांगते, 'मी सगळं ऐकत असते गं. देह तेवढा ऐकत नाही.'

त्यामुळे बाबा ऑफिसातला किस्सा घेऊन आले की चपला काढायच्या आधी म्हणायचे, 'बस.' आई बसायची, पदर सावरायची, 'हं, आता बोला.' लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. मैत्रिणीच्या आईला मी एकदा म्हटलं होतं, काकू, गंमत सांगते पण आधी बसा. काकूंना वाटलं कोणीतरी गेलं. त्या रडायलाच लागल्या!

बाबांनी पलंगाचे पाय कापले, ओटा खाली घेतला, कपाटांचे कोपरे तासले. आमचं सगळं घर गुडघ्याएवढं आहे. वर नवऱ्याच्या घरात राहायला आले तेव्हा कितीतरी दिवस मला उंच पलंगाची भीती वाटायची.


१५ मार्च

आहे! डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं — एक ठिपका. बाकी सगळं धुकं, आणि मधोमध ठिपका.

आईला म्हटलं, बस. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथेच, पॅसेजमध्ये फरशीवर बसली. 'विनोद आहे?' म्हटलं, नाही. सांगितलं. बसल्या बसल्याच कलंडली. बाबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तिचे डोळे मिटलेले आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी. तिला ऐकू येत होतं, म्हणून मी परत एकदा सांगितलं.


२ एप्रिल

मॅडमनी मला प्रथिन तपासायच्या जेलच्या टेबलावरून उठवलं. तिथली रसायनं पोटुशीला बरी नाहीत. आता मी पॅकिंगच्या टेबलावर, खिडकीपाशी. बाटल्यांना लेबलं लावते. प्रत्येक लेबलवर तीच ओळ: 'फक्त संशोधनासाठी. माणसांसाठी नाही.' दिवसभर वाचून वाचून ती ओळ भिंतीवरही दिसायला लागली आहे.

हसू येतं. प्रथिन माणसाचं, आणि माणसांसाठी नाही.

इथे ऊन येतं. झोप तर अशी येते की विचारू नका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या महिन्यांत येतेच, झोपा खुशाल. आईच्या मेंदूच्या डॉक्टरांनाही मी पूर्वी एकदा विचारून ठेवलं होतं — हे मुलांत उतरतं का? 'सहसा नाही,' म्हणाले. म्हणजे तो प्रश्न मिटलेला आहे.


९ एप्रिल

आईने आज मागितलं. ती कधी काही मागत नाही. गोळ्या डॉक्टर देतील त्या घेते. त्यांनी दिवसाची झोप निम्म्यावर आली, पण हसल्यावर पडायचं ते पडणं आहेच. त्याबद्दलही कुरकुर नाही. आज मात्र मटार सोलता सोलता म्हणाली, 'मला एकदा तुझ्या बाळाला उभ्याने घ्यायचंय. खिडकीपाशी. रस्ता दाखवायचाय.'

मी म्हटलं, बघू.

'तुला कधी उभ्याने घेतलं नाही,' ती म्हणाली. 'तू हसायचीस. तू हसलीस की मी हसायचे. मग?'

मग काय, ते मला माहीत आहे. मला बाबांनी, शेजारच्या आजींनी, मावशीने उचललं. आई खाली बसून हात वर करायची आणि कोणीतरी मला तिच्या मांडीत सोडायचं. एखादी वस्तू ठेवावी तसं. मला त्यात काही कमी वाटलं नव्हतं. तिला वाटत होतं, हे इतक्या वर्षांनी मटारांच्या ढिगाऱ्यापलीकडून कळलं. मी टरफलं उचलून आत गेले, कारण रडू येत होतं.


११ एप्रिल

दुपारी पॅकिंगच्या टेबलावर जागल्या भेटायला आला. हातात कंदील, डोक्याला मफलर. बाटल्यांच्या मधून वाट काढत आला आणि अगदी अदबीने म्हणाला, बाई, तुमच्याकडे


१२ एप्रिल

काल वाक्य अर्ध्यातच राहिलं. पेन पानावर घसरत खालपर्यंत गेलं आहे, नदी काढल्यासारखं. जागल्याला काय विचारायचं होतं ते राहूनच गेलं. डोळे मिटले नव्हते, हे नक्की. खिडकी दिसत होती, बाहेरचं पिंपळाचं पान दिसत होतं, आणि तोही दिसत होता. छान वाटलं, खरं सांगायचं तर. पोटातला ठिपका बहुतेक मला त्याची स्वप्नं उसनी देतो.


२० एप्रिल

आज जेवताना नवऱ्याने लिफ्टचा किस्सा सांगितला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. एक गृहस्थ अडकलेल्या लिफ्टमध्ये बूट काढून बसले होते, वजन कमी व्हावं म्हणून! हसता हसता माझ्या हातातून चमचा पडला, आणि मग वाटीही. बोटं कापसाची झाल्यासारखी. नवरा म्हणाला, दोघांचं हसणं एका हातात मावत नाही तुझ्या.

आई समोरच होती. बसलेली. ती हसली नाही.


६ मे

गरगरचं डोकं फोडायला हवं! नाही, माझंच.

जागल्याच्या भरलेल्या बाटल्यांचा ट्रे घेऊन मी बर्फाच्या पेटीकडे चालले होते. गरगर मागून मॅडमचा 'हं' काढायला लागला — नुसत्या 'हं'मध्ये राग, आनंद, पगारवाढ नाकारणं, सगळं. इतकं हुबेहूब की मी फसकन हसले. आणि हात गेले. ट्रे सरळ खाली. नशीब, बर्फातच पडला. पण टोप्यांना तडे गेले. तडा गेलेली बाटली विकायची नाही, आतलं कितीही चांगलं असो. महिनाभराची घडी, आणि गेली.

मी म्हटलं, मोजे ओले होते. मॅडमनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं. 'टाकून द्या,' म्हणाल्या. 'आणि यापुढे ट्रे उचलायचा नाही.'

मी टाकून दिलं. सगळं नाही.


७ मे

एक बाटली आहे. नव्या बाटलीत काढून घेतली, डब्यात बर्फाच्या पिशवीत गुंडाळून घरी आणली. डबा आईच्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात. नवऱ्याला दाखवायची हिंमत नाही. तो सुरक्षेचा माणूस, पहिल्यांदा कागद मागेल.

मनातलं इथे तरी सरळ लिहावं. कुठल्याशा प्रयोगशाळेत असल्याच प्रथिनाचे थेंब जनावरांच्या नाकात सोडले होते. ती जागी राहिली. नाकातून मेंदूपर्यंत वाट आहे. मग आईच्या नाकात दोन थेंब सोडले तर? एक दुपार. एकच दुपार उभ्याने हसून बघेल ती. जमलं तर ठिपका येईपर्यंत पुढचं बघू.

आणि हेही माहीत आहे: आम्ही बनवतो ते पेशींसाठी. जंतूंच्या अंगातलं थोडं विष त्यात राहतंच. बशीतल्या पेशी कुरकुर करत नाहीत. माणसाला ताप चढेल, कदाचित वाईट चढेल. शंभरदा चिकटवलेली ओळ आहे ती. मीच चिकटवलेली.


८ मे

आईला सांगितलं. सगळं सांगितलं, विषासकट. वाटलं होतं नको म्हणेल, मग माझी सुटका होईल.

तिने विचारलं, 'स्वप्नं जातील का?'

म्हटलं, कमी होतील बहुतेक. दिवसाची तरी.

 तिच्या स्वप्नांत तिची आई येते, रोज दुपारी. दोघी मिळून कुठल्याशा न बांधलेल्या घराला रंग देतात. मग आईने मान मागे टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, 'टाक.'

नाकपुड्या वर. लहान मुलासारखी. विश्वास किती असावा माणसाचा!  म्हटलं, आत्ता नको, रविवारी. बाबा बाहेर असतील. तिने डोळे उघडले आणि रविवारी तर रविवारी, म्हणाली.


१० मे

आज शनिवार. उद्या काय करायचं ते ठरत नाही. ताप मोजायचं यंत्र काढून ठेवलं आहे. डॉक्टरांचा नंबर लिहून ठेवला आहे. या दोन गोष्टी काढून ठेवाव्या लागतात, यातच उत्तर आलं ना? पण 'नाही' म्हणायला खाली गेले आणि तिचा चेहरा बघून तशीच वर आले. तिने न्हाऊन केस मोकळे सोडले होते. उद्यासाठी.


१० मे, संध्याकाळ

बाबांनी हाक मारली म्हणून गेले. फ्रिजचं दार सताड उघडं. आतला दिवा जळतोय. आई खाली बसलेली, ओलं फडकं हातात, डोकं खालच्या कप्प्यात टेकून गाढ झोपलेली. गारव्यात गाल लाल झालेले. आतलं सगळं सामान तिने ओट्यावर काढून ठेवलं होतं, पुसायला. आमचा डबासुद्धा. ओट्यावर दुपारभर ऊन असतं.

बाटली उजेडासमोर धरली. पांढरे धागे! जागल्याची घडी विस्कटली. जागं ठेवणारा माझ्या आईच्या झोपेत मेला.

तिला उठवलं. आधी तिला कळेना, मग बाटली दिसली. 'औषधाच्या दिवशी फ्रिज स्वच्छ असावा म्हणून पुसत होते गं,' म्हणाली. आणि रडली. मी तिला जवळ घेतलं, असू दे म्हटलं, पाठीवरून हात फिरवला. आणि आत मला इतकं हलकं वाटत होतं! देवा, इतकं हलकं! तिची इच्छा गेली आणि मला सुटल्यासारखं झालं. अशी मी.

बाटली लॅबमध्ये नेऊन रीतसर नष्ट करीन. पुन्हा नाही.


१२ मे

नष्ट केली. आईने विषय काढला नाही. मीही नाही.


२३ जून

शीतखोलीत काहीतरी आणायला गेले होते. काय, ते तिथेच विसरले. भिंतीला टेकले आणि फरशीवर पाणी चढायला लागलं, पाण्यात आमचे कापलेले पलंगाचे पाय तरंगत होते, बदकांसारखे एका रांगेत. गरगरने दार उघडलं तेव्हा मी त्यांना बाजूला हो म्हणत होते.

त्याने कोणाला सांगितलं नाही. फक्त आता मी शीतखोलीत गेले की दार किलकिलं ठेवून बाहेर शीळ घालत उभा राहतो. मॅडमना सांगतो, दाराची कडी बिघडली आहे.


१७ ऑगस्ट

नवरा आणि मी ठरवलं. त्याच्याच शब्दांत — एका दोरावर लिफ्ट सोडत नाहीत. आईने बाळाला घ्यायचं ते बसून, दोन्ही बाजूंना उशा, आणि शेजारी कोणीतरी जागं माणूस. उभ्याने नाही. एकटीने नाही. कधीच नाही.

सांगायचं काम माझ्याकडे. सांगितलं. आई म्हणाली, 'बरोबर आहे.' इतकं लगेच म्हणाली! मी तयारी करून गेले होते भांडायची. मग ती आत गेली आणि उशांना नवे अभ्रे घालायला लागली.

बाबा जिन्यापर्यंत आले. म्हणाले, तुझ्या वेळीही मी हेच केलं होतं, आणि बरोबरच केलं होतं, पण तिने 'बरोबर आहे' म्हटलं तो दिवस अजून विसरलो नाही.


४ नोव्हेंबर

ठिपका निघाला ठिपकी! काळंकुळकुळीत जावळ आणि मॅडमसारखा चेहरा. जन्मल्यावर रडायच्या आधी ती बहुतेक 'हं' म्हणाली.

आईच्या मांडीत ठेवली. उशा, मी, नवरा, बाबा, सगळा बंदोबस्त. आईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा घाबरत. हसू दाबून ओठ पांढरे केले होते.


१८ नोव्हेंबर

झोप नाही आणि झोपच झोप. दूध पाजता पाजता खोलीत माणसं येऊन बसतात. काल दोन बायका भिंतीला रंग देत होत्या. एकीने मागे वळून विचारलं, हा रंग चालेल का गं? म्हटलं, चालेल. मग बघते तर भिंत तशीच, ठिपकी झोपलेली, माझा हात तिच्याखाली मुंग्या येऊन जड. नवी आई झाली की असंच होतं म्हणतात सगळे. मैत्रीण म्हणाली, तिने दिव्याच्या खांबाला सॉरी म्हटलं होतं.

स्वप्न आईला सांगितलं. तिने रंग कोणता होता ते विचारलं. सांगितला. तिने परत विचारला.


२ डिसेंबर

आईशी भांडले. लिहूनही लाज वाटते.

मी ठिपकीला खांद्यावर घेऊन फिरवत होते. आई म्हणाली, 'तू पण बसूनच घे.'

मी म्हटलं, का?

'बस म्हणते ना.'

मला वाटलं, उट्टं काढते आहे. तिला उभ्याने घेऊ देत नाही म्हणून मलाही नाही. म्हटलं, 'आई, मला काही झालेलं नाही. तुला झालंय.' शब्द तोंडातून गेले. बाबांनी पेपर खाली केला.  आई नुसती माझ्या हनुवटीकडे बघत राहिली, टक लावून, जशी मी पिशवीतल्या पाण्याकडे बघते, धागा दिसतो का म्हणून.

संध्याकाळी माफी मागायला गेले तर म्हणाली, 'डॉक्टरांना दाखवून ये.' म्हटलं, कशासाठी? 'झोपेसाठी.' म्हटलं, आई, बाळंतिणीला झोप येते हा रोग नाही. माफी राहिलीच.


११ डिसेंबर

आई हल्ली सकाळीच वर येते आणि आमच्या खिडकीखाली गादी ओढून बसते. उन्हाला असेल. मी खिडकीपाशी उभी राहते, ठिपकीला रस्ता दाखवते, आणि पायाशी आई. ठेच लागते तिची. दोनदा म्हटलं, आई, सरक. सरकत नाही.

झोपतही नाही! डोळे लाल, पापण्या जड, मान पडायला आली की स्वतःच्या दंडाला चिमटा काढते. दंड काळानिळा झाला आहे. नवऱ्याने खाली जाऊन पडा म्हणून विनवलं. 'पडेन, पडेन,' म्हणते आणि तिथेच. नातीचं वेड, दुसरं काय. मांडीत तरी घे म्हटलं, उशा आणते. तर नको म्हणाली, हात मोकळे असू देत.

मॅडमचा फोन आला होता. नव्या खेपेची घडी बसली. पाणी अगदी स्वच्छ, म्हणाल्या. या परत लवकर.


१६ डिसेंबर

ठिपकी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मी पलंगावर बसले होते. माझी मान जरा मागे गेली, एवढंच. गोड.


१९ डिसेंबर

सकाळी खिडकीत उभी होते, ठिपकी खांद्यावर. ती हसली. मी हसले. हनुवटी गेली, मग मान, मग गुडघे. हात मी उघडले नाहीत, ते उघडले. ती सुटली.

खाली गादी होती. गादीवर आई होती. तिचे हात आधीपासून पसरलेले होते.

मी तिच्या पायाशी पडून सगळं ऐकत होते. नवरा ओरडत धावत आला ते. ठिपकी रडली नाही ते. बोट हलवता येईना. आई त्याला म्हणाली, 'पाणी मारू नका. ती ऐकतेय.' मग कानाशी वाकली. ठिपकीचा श्वास माझ्या गालाला लागत होता. 'घाबरू नकोस,' म्हणाली. 'देह तेवढा ऐकत नाही. तो येतो परत. मला माहीत आहे.'

हे फरशीवर बसून लिहिते आहे. ठिपकी आईकडे आहे.